रेसिंग मोटारसायकलसाठी घरी बनवायचा रोलर स्टार्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेसच्या गाडीचे इंजिन बाहेरून फिरवून सुरू करणारे यंत्र ज्यांना स्वतःच्या वर्कशॉपमध्ये किंवा ओळखीच्या लेथवाल्याच्या मदतीने बनवायचे आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. यात मोटर दोन रोलर फिरवते, त्यांच्यावर टेकलेले गाडीचे मागचे चाक त्यामुळे फिरते आणि गियरमध्ये असलेले इंजिन चाकाबरोबर फिरते. इंजिन फिरवणे हा या कामाचा सोपा भाग आहे. इंजिन पेट घेते त्यानंतरच्या एका सेकंदात यंत्र, गाडी आणि माणसे यांचे काय होते, हा विचार आराखड्यात आधी झाला पाहिजे. पुढील बहुतेक उत्तरे म्हणूनच त्या एका सेकंदाभोवती फिरतात.

रेसच्या गाडीला स्वतःचा स्टार्टर का नसतो?

स्टार्टर मोटर, तिचे गियर, वन-वे क्लच (एकाच दिशेला पकडणारा जोड) आणि हे सगळे फिरवू शकेल अशी मोठी बॅटरी यांचे वजन शर्यतीच्या प्रत्येक फेरीत वाहावे लागते आणि त्याचा उपयोग मात्र शर्यतीपूर्वी एकदाच होतो. त्यामुळे निव्वळ शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांतून हा भाग पहिल्यांदा वगळला जातो. ग्रां प्री शर्यतींत १९८६ च्या हंगामापर्यंत चालक बंद गाडी ढकलत धावत आणि इंजिनाने पेट घेताच तिच्यावर उडी घेत. १९८७ पासून इंजिन चालू ठेवून क्लचवर सुटण्याची पद्धत आली. सुरुवात बदलली, पण पिटमध्ये इंजिन चालू करण्याची गरज राहिलीच. आजही मोटोजीपीच्या, म्हणजे ग्रां प्रीच्या सर्वोच्च वर्गाच्या, गाड्या मागच्या चाकाखालील रोलरने किंवा क्रँकला (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) जोडायच्या स्टार्टरने सुरू केल्या जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झालेल्या शर्यतीच्या वेळी आपल्याकडील प्रेक्षकांनाही हे पाहता आले.

ढकलून गाडी सुरू होत असेल, तर यंत्राचा खटाटोप कशासाठी?

शंभर-सव्वाशे सीसीची टू-स्ट्रोक गाडी एकटा माणूस सहज ढकलून सुरू करतो आणि तिच्यासाठी हे यंत्र बनवण्याची घाई करू नये. पण वाढवलेल्या कॉम्प्रेशनचे पाचशे सीसीचे सिंगल (एका सिलिंडरचे) किंवा सहाशे सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन थंड असताना ढकलणे वेगळे असते. चेन्नईजवळच्या किंवा कोइंबतूरच्या ट्रॅकवर दुपारच्या उन्हात दोन-तीन प्रयत्नांनंतर ढकलणारे दमतात आणि चालकही शर्यतीआधीच थकतो. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते: रोलरवर इंजिन इग्निशन बंद ठेवून काही सेकंद फिरवता येते, त्यामुळे तेल बेअरिंगांपर्यंत पोहोचल्यानंतरच इंजिन पेटवता येते. नव्याने बांधलेल्या इंजिनासाठी याचे मोल फार आहे.

क्रँकला जोडायचा स्टार्टर बनवावा की रोलरचा?

घरी बनवायचा असेल तर रोलरचा. क्रँकच्या टोकाला लावायचा स्टार्टर हलका असतो आणि टायरला हातही लावत नाही, पण त्यासाठी इंजिनाच्या कव्हरला भोक पाडून क्रँकपर्यंत वाट करावी लागते आणि फिरण्याच्या दिशेचा नीट विचार करावा लागतो. चाकांच्या दिशेने फिरणारा क्रँक उजव्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि डाव्या बाजूने पाहिल्यास उलटा फिरतो. म्हणजे उजव्या टोकाचा नेहमीच्या आट्यांचा नट सॉकेटने फिरवला तर घट्ट होत जातो, मात्र डाव्या टोकाचा, जिथे अनेक गाड्यांचा मॅग्नेटो (वीज तयार करणारा भाग) असतो, तोच नट सुटत जातो. त्या बाजूने फिरवायचे असेल तर नटाला न धरता रोटरला बोल्टने बसणारा वेगळा अडॅप्टर लेथवर करून घ्यावा लागतो. शिवाय इंजिनाने उलटा झटका दिला, तर तो थेट धरणाऱ्याच्या मनगटात येतो. रोलरमध्ये हा झटका टायर आणि क्लच यांच्यात जिरतो.

रोलर किती जाडीचे आणि एकमेकांपासून किती अंतरावर असावेत?

बाजारात ८० मिमी नावाने मिळणाऱ्या जाड भिंतीच्या लोखंडी पाइपचा बाहेरचा व्यास ८८.९ मिमी असतो आणि तो या कामाला योग्य आहे. दोन्ही टोकांना जाड चकत्या वेल्ड करून, त्यांतून शाफ्ट घालून, मग संपूर्ण रोलर लेथवर एकदा फिरवून सरळ करून घ्यावा. वेल्डिंगनंतर पाइप थोडा तरी वाकतोच, त्यामुळे ही पायरी गाळू नये. रोलरची लांबी टायरच्या रुंदीपेक्षा किमान शंभर मिमी जास्त ठेवावी, कारण गाडी दर वेळी बरोबर मध्यावर येऊन बसत नाही.

अंतराचा हिशेब असा आहे. १८०/५५-१७ टायरची त्रिज्या सुमारे ३१५ मिमी असते. रोलरची त्रिज्या सुमारे ४४.५ मिमी. दोन रोलरांच्या मध्यांतील अंतर २५० मिमी ठेवले, तर टायर रोलरच्या माथ्यापासून सुमारे २२ मिमी खाली बसतो. २७० मिमी ठेवले तर सुमारे २६ मिमी. अंतर फार कमी असेल तर गाडी पुढे उडी मारू शकते, फार जास्त असेल तर चाक खोल रुतते, टायरचा तळ चौकटीच्या आडव्या पट्टीला लागू शकतो आणि सुरू झालेली गाडी बाहेर काढणे अवघड होते. माझ्या मते २५० ते २७० मिमी हा पल्ला सतरा इंची चाकांसाठी सोडू नये. चौकटीसाठी ७५ बाय ४० चे चॅनल पुरेसे मजबूत आहे. बेअरिंग पेडेस्टलमध्ये (चौकटीला बोल्टने बसणाऱ्या घरात) बसवलेली, सील असलेली आणि ग्रीस निपलची घ्यावीत.

दोन्ही रोलर चालवायचे की एकच?

शक्य असेल तर दोन्ही, बाजूने एक छोटी चेन घालून. एकच चालवायचा असेल तर मागचा चालवावा. मोटर चाकाला फिरवते तेव्हा रोलर टायरचा तळ मागे ओढतो. गाडीही त्या ओढीने मागे सरकू पाहते आणि तिचा भार मागच्या रोलरवर वाढतो. चालता रोलर तोच असेल तर भाराबरोबर त्याची पकडही वाढते. पुढचा रोलर चालता ठेवला तर नेमकी ताकद लागते तेव्हाच त्याच्यावरचा भार कमी होतो आणि टायर घसरू लागतो. अनेक घरगुती यंत्रे या एका चुकीमुळे दुबळी वाटतात आणि दोष विनाकारण मोटरला दिला जातो.

मोटर कोणती घ्यावी आणि वेग कसा ठरवावा?

मोडीत निघालेल्या डिझेल गाडीची १२ व्होल्टची स्टार्टर मोटर घ्यावी. छोट्या पेट्रोल कारची मोटर दीडशे-दोनशे सीसीपर्यंत चालेल, पण सहाशे सीसीच्या इंजिनासाठी दोन किलोवॅटच्या आसपासची मोटर असावी. घेण्यापूर्वी कार्बन ब्रश आणि बुश तपासून, आर्मेचरवर (मोटरच्या आतील फिरत्या भागावर) जळाल्याच्या खुणा नाहीत ना हे पाहावे. पिनियन (मोटरच्या टोकाचे छोटे दातेरी चाक) पुढे ढकलणाऱ्या सोलेनॉइडचे (विद्युतचुंबकी स्विचचे) काम इथे नसते. पिनियन पुढच्या स्थितीत कायम बसवून त्याच्या जागी छोटे स्प्रॉकेट लावून घ्यावे.

वेगाचे गणित कागदावर मांडल्याशिवाय स्प्रॉकेट विकत घेऊ नये. समजा, सहाशे सीसीच्या गाडीचे दुसऱ्या गियरमधील एकूण गुणोत्तर, म्हणजे प्रायमरी, गियर आणि चेन मिळून, ११ आहे. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरवायचे तर चाक सुमारे ७३ फेऱ्यांनी फिरले पाहिजे. टायरचा परीघ १.९८ मीटर धरला तर टायरच्या पृष्ठभागाचा वेग मिनिटाला सुमारे १४४ मीटर, म्हणजे ताशी साडेआठ किलोमीटरच्या थोडा पुढे येतो. गाडी ढकलत धावणाऱ्या माणसाचा वेगही साधारण एवढाच असतो, म्हणजे हिशेब जागेवर आहे. या वेगाला रोलर मिनिटाला सुमारे ५१६ फेऱ्या घेईल आणि मोटर ते रोलर वेगात ३:१ घट ठेवली तर मोटर सुमारे १५५० फेऱ्या घेईल, जे भाराखाली चालणाऱ्या स्टार्टर मोटरला झेपते.

इथे एक अडचण येते जी आराखड्यात दिसत नाही आणि वेल्डिंग झाल्यावर दिसते. मोटारसायकलच्या ४२८ चेनवर १४ आणि ४२ दातांची जोडी घेतली तर मोठ्या स्प्रॉकेटचा व्यास सुमारे १७० मिमी होतो. तो जमिनीला लागू नये म्हणून रोलरचा मध्य जवळजवळ शंभर मिमी उंच ठेवावा लागतो आणि गाडी त्याहून उंच चढवावी लागते. ११ आणि ३३ दातांची जोडी तीच घट देते आणि मोठ्या स्प्रॉकेटचा व्यास सुमारे १३४ मिमीवर येतो, त्यामुळे यंत्र बरेच बसके होते. उंची तरीही जास्त वाटत असेल तर चौकटीला मागून चढण्यासाठी उताराची पट्टी जोडावी आणि पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची लाकडी फळी ठेवावी, म्हणजे गाडी सपाट उभी राहते.

मोटर उलटी फिरते. बॅटरीच्या तारा अदलाबदल केल्या तरी दिशा बदलत नाही, असे का?

कारण ती सिरीज वाइंडिंगची मोटर आहे, म्हणजे तिचे फील्ड (स्थिर वेटोळे) आणि आर्मेचर एकामागोमाग जोडलेले असतात. तारा उलट्या जोडल्या की फील्ड आणि आर्मेचर दोन्हींतील प्रवाह उलटतो आणि दिशा तीच राहते. दिशा बदलायची असेल तर मोटर उघडून यांपैकी एकाचेच जोड उलटावे लागतात, किंवा मोटर चौकटीच्या दुसऱ्या बाजूला बसवावी लागते. दुसरा मार्ग सोपा आहे. कायम चुंबकाची मोटर असेल तर मात्र तारा बदलताच दिशा बदलते. मोटर उलटी चालवायची ठरवली तर तिच्यातील वन-वे क्लच त्या दिशेला पकडणार नाही, हेही ध्यानात घ्यावे. दिशा ओळखण्याची खूण अशी: गाडीच्या उजव्या बाजूला उभे राहून पाहिल्यास चाक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि रोलर त्याच्या उलट फिरला पाहिजे.

फ्रीव्हील किंवा वन-वे क्लच खरोखरच आवश्यक आहे का?

होय, आणि या प्रश्नाच्या उत्तरात सवलत नाही. वरचेच आकडे पुढे नेऊन पाहा. इंजिन सुरू झाले, चालकाने क्लच धरला नाही आणि थ्रॉटल उघडून इंजिन ८००० फेऱ्यांवर नेले, तर चाक मिनिटाला सुमारे ७२७ फेऱ्या घेते, रोलर ५१०० च्या पुढे जातो आणि ३:१ चेनने जोडलेली मोटर १५,००० च्या पुढे फेकली जाते. त्या वेगाला आर्मेचरच्या तारा खोबणीतून बाहेर पडतात आणि मोटर तिथेच संपते. चेन तुटली तर ती कोणाच्या तरी पायावर जाते.

मोटरच्या पिनियनमध्ये मूळचा वन-वे क्लच असतो आणि तो कायम ठेवला तर मोटर वाचते, परंतु तो क्षणभराच्या कामासाठी बनवलेला असतो आणि शिवाय चेन तशीच वेगाने फिरत राहते. अधिक चांगली रचना म्हणजे वन-वे बेअरिंग रोलरच्या शाफ्टवर, मोठ्या स्प्रॉकेटच्या आत बसवणे. मग इंजिन सुरू होताच फक्त रोलर मोकळा फिरतो आणि चेन व मोटर दोन्ही थांबतात. सेल्फ स्टार्टच्या मोटारसायकलच्या मॅग्नेटोमागे असणारा स्टार्टर क्लच यासाठी वापरता येतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी त्याला साजेसा हब बनवून देणारा कारागीर शोधावा लागत नाही. तो मुळात तेलात चालणारा भाग असल्यामुळे त्याला बंद झाकण करून तेल किंवा पातळ ग्रीस द्यावे. सायकलचे फ्रीव्हील या कामाला वापरू नये. रोलर एकमेकांना जोडणारी चेन असेल तर ती फ्रीव्हीलच्या पलीकडे येते आणि इंजिनाच्या वेगाने फिरते, त्यामुळे तिच्यावर पत्र्याचे संपूर्ण झाकण हवेच.

बॅटरी आणि केबल किती जाड लागतात?

मोटर भाराखाली २०० ते ३०० अँपिअर ओढते. ट्रॅक्टर किंवा जीपची ८० ते १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी दिवसभराच्या सरावाला पुरते. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीच्या वेळी सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. मोटर चालू असताना ती साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी किंवा जोड यांत दोष आहे.

केबलच्या बाबतीत काटकसर करणाऱ्यांना तिची किंमत ताकदीने मोजावी लागते. जाऊन-येऊन चार मीटर तांब्याची १६ चौरस मिमी केबल २५० अँपिअरला सुमारे १.१ व्होल्ट खाते, तर ३५ चौरस मिमीची अर्धा व्होल्ट. बारा व्होल्टांतील सव्वा-दीड व्होल्ट वाटेतच गेले तर मोटर मंद आणि गरम होते. थिंबल (केबलच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या टोप्या) हातोड्याने न चेपता मोठ्या क्रिम्पिंग पान्याने दाबून घ्यावेत. वेल्डिंग केबल लवचिक असल्यामुळे या कामाला उत्तम असते.

दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट दिले तर?

१२ व्होल्टची मोटर २४ व्होल्टवर काही सेकंद चालते आणि जोरात चालते, म्हणून हा उपाय वारंवार सुचवला जातो. मी तो सुचवत नाही. सिरीज मोटरला भार नसेल तर तिचा वेग आधीच फार वाढतो, दुप्पट व्होल्टेजने तो धोक्याच्या पलीकडे जातो आणि कार्बन ब्रशही झपाट्याने झिजतात. ताकद कमी पडत असेल तर मोठी मोटर घ्यावी किंवा ट्रकची २४ व्होल्टचीच मोटर २४ व्होल्टवर चालवावी.

स्विच कसा असावा?

दाबून धरल्यावरच चालणारा आणि सोडताच बंद होणारा पायाचा किंवा हाताचा स्विच असावा. तो मोठ्या सोलेनॉइडला चालवेल आणि सोलेनॉइड मोटरला. साधा चालू-बंद स्विच इथे कधीही बसवू नये. एवढ्यावर समाधान मानू नये, कारण इतक्या प्रवाहाने सोलेनॉइडचे संपर्क कधीकधी एकमेकांना चिकटतात आणि बटण सोडूनही मोटर फिरत राहते. त्यासाठी बॅटरीच्या धन टोकावर हाताने तोडता येणारा कटऑफ स्विच, यंत्र चालवणाऱ्याच्या हाताशी असा असलाच पाहिजे.

गाडी सुरू करण्याचा योग्य क्रम कोणता?

एक माणूस गाडीवर आणि एक यंत्राजवळ. दोघांनी बोलून किंवा खुणांनी इशारे आधी ठरवून घ्यावेत. गाडीचे मागचे चाक रोलरांत बसवून, दुसरा गियर टाकून, चालक क्लच पूर्ण दाबतो आणि पुढचा ब्रेक घट्ट धरतो. यंत्र चालवणारा मोटरचे बटण दाबतो आणि चाकाला वेग घेऊ देतो. वेग आल्यावर चालक क्लच सोडतो. चाक आणि रोलर यांचा जमलेला वेग इंजिनाला पहिल्या कॉम्प्रेशनच्या पलीकडे नेतो. इंजिनाने पेट घेताच चालक क्लच पुन्हा दाबतो आणि यंत्रावरचा माणूस त्याच क्षणी बटण सोडतो. त्यानंतर हलक्या थ्रॉटलवर इंजिन धरून, मागचा ब्रेक लावून चाक थांबवून, न्यूट्रल केला की मगच गाडी रोलरवरून उतरवावी.

पुढच्या ब्रेकचा आग्रह यासाठी की, पेटलेले इंजिन चाकाला रोलरपेक्षा वेगाने फिरवू लागले की बळाची दिशा उलटते आणि गाडी मागे न ओढली जाता पुढे झेप घेऊ पाहते. आधीच्या हिशेबात ८००० फेऱ्यांना टायरचा वेग ताशी ८६ किलोमीटर आहे. गाडीच्या समोर कोणीही उभे राहू नये, आणि यंत्राजवळच्या माणसाने ढगळ कपडे, मफलर, सुटे बूटबंद टाळावेत. सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मोटर फिरवू नये आणि दोन प्रयत्नांत अर्धा मिनिट तरी जाऊ द्यावा.

पहिला गियर का नाही?

पहिल्या गियरमध्ये इंजिन फिरवण्यासाठी चाकावर अधिक बळ लावावे लागते आणि टायर रोलरवर घसरतो. वरच्या गियरमध्ये बळ कमी लागते, पण रोलर वेगाने फिरवावे लागतात. सहाशेच्या इंजिनासाठी दुसरा, मोठ्या सिंगलसाठी बऱ्याचदा तिसरा गियर बरा पडतो.

जुन्या पाचशे सीसी सिंगलसाठी काय वेगळे करावे?

मँक्स नॉर्टनसारख्या जुन्या ब्रिटिश रेसिंग गाड्यांत एकाच मोठ्या पिस्टनचे कॉम्प्रेशन ओलांडावे लागते, त्यामुळे मोटरच्या सततच्या ताकदीपेक्षा फिरत्या वस्तुमानात साठलेली ऊर्जा उपयोगी पडते. अशा गाडीसाठी रोलर जड ठेवावेत किंवा रोलरच्या शाफ्टवर फ्लायव्हील बसवावे आणि क्लच सोडण्यापूर्वी वेग पूर्ण येऊ द्यावा. त्याआधी गाडी गियरमध्ये मागे ढकलून पिस्टन कॉम्प्रेशनला टेकवावा, म्हणजे क्लच सोडताच इंजिनाला वेग घ्यायला जवळजवळ दोन फेऱ्यांची मोकळीक मिळते.

रोलरमुळे टायर खराब होतो का?

खडबडीत रोलर टायर कुरतडतो, विशेषतः थंड स्लिक (बिनखाचांचा) टायर. नर्लिंग केलेला (पृष्ठभागावर बारीक खाचा पाडलेला) रोलर पकडीला उत्तम, पण रबर खातो. गुळगुळीत रोलर ओल्या टायरवर घसरतो. रोलरच्या लांबीवर थोड्या थोड्या अंतराने वेल्डिंगच्या पातळ रेषा ओढून, त्या ग्राइंडरने बोथट करणे हा मला मधला आणि योग्य मार्ग वाटतो. रोलरवर सांडलेले तेल लगेच पुसावे, कारण ते टायरवरून थेट पहिल्या वळणावर पोहोचते.

रोलर फिरतात पण इंजिन फिरत नाही. दोष कुठे शोधावा?

आधी पाहावे की टायर घसरतो आहे की क्लच. टायर घसरत असेल तर चालकाने मागे सरकून बसावे, गियर एकाने वाढवावा आणि चालता रोलर मागचा आहे ना हे पाहावे. क्लच घसरत असेल तर दोष यंत्राचा नाही. मोटरच मंदावत असेल तर चालू स्थितीत बॅटरीच्या टोकांवर आणि मोटरच्या टोकांवर व्होल्टमीटर लावून फरक मोजावा. एक व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर केबल, थिंबल किंवा सोलेनॉइड यांतच दोष आहे.

मोटरऐवजी छोटे पेट्रोल इंजिन वापरता येईल का?

येईल, आणि जुन्या गाड्यांच्या शर्यतींत अशी यंत्रे वापरलीही जातात. बॅटरी भरण्याची कटकट राहत नाही, पण सेंट्रिफ्युगल क्लच लागतो, आवाज वाढतो आणि पेट्रोलची आणखी एक टाकी पिटमध्ये येते. एका गाडीच्या संघाला विजेचा स्टार्टरच सोयीचा.

स्पर्धेच्या नियमांत हे चालते का?

उत्पादनातील गाड्यांवर आधारलेल्या अनेक वर्गांत मूळ सेल्फ स्टार्टर चालू ठेवण्याचे बंधन असते, तेव्हा तो काढण्यापूर्वी आपल्या वर्गाची नियमपुस्तिका वाचावी. पिटमध्ये बाहेरचा स्टार्टर कुठे आणि केव्हा वापरता येतो, हे त्या दिवशीच्या आयोजकांकडून विचारून घ्यावे.

देखभाल काय करावी?

प्रत्येक ट्रॅक दिवसापूर्वी चेनचा ताण, स्प्रॉकेटचे बोल्ट आणि पेडेस्टलचे बोल्ट तपासावेत. वन-वे बेअरिंग हाताने एका दिशेला मोकळे आणि दुसऱ्या दिशेला पक्के फिरते का, हे मोटर जोडण्यापूर्वी पाहावे. दोन्ही दिशांना जड जात असेल तर त्या दिवशी यंत्र वापरू नये, गाडी ढकलून सुरू करावी. वाहतुकीत बॅटरीची टोके रबरी टोप्यांनी झाकावीत आणि कटऑफची चावी काढून वेगळी ठेवावी.